बोगद्यातला धूर कोणाच्या खात्यावर?

उजनीच्या पाण्याचा रोजचा हिशेब सोलापूरच्या वर्तमानपत्रांत छापून येतो. मुख्य कालव्यात इतके क्युसेक, भीमेच्या पात्रात इतके, सीना-माढा उपसा सिंचनाला इतके आणि बोगद्यात इतके. बोगदा म्हणजे कोणता, हे माढा-मोहोळकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भीमेचे पाणी जमिनीखालून सीनेकडे नेणारा तो जोड बोगदा. सोलापूर जिल्ह्यात कोळशाची वा मँगनीजची भूमिगत खाण नाही. पण जमिनीच्या पोटात शिरून काळा पत्थर फोडणारी माणसे इथल्या पाण्याच्या हिशेबात पहिल्यापासून आहेत. शेजारच्या इंदापूर तालुक्यात नीरेचे पाणी उजनीत आणण्यासाठी सुमारे २४ किलोमीटरचा नीरा-भीमा बोगदा खोदायला घेतला गेला. २० नोव्हेंबर २०१७च्या संध्याकाळी अकोले गावाजवळच्या शाफ्टमध्ये क्रेनचा दोर तुटला आणि मजूर ठार झाले, तेव्हा कुठे आपल्या पायाखाली परप्रांतांतली एवढी माणसे राबत आहेत याची अनेकांना पहिल्यांदा जाणीव झाली.

दोर तुटला की बातमी होते. २०२३च्या नोव्हेंबरात उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस अडकून पडले, तेव्हा सारा देश टीव्हीसमोर बसून होता. पण अशा बोगद्यांत दर पाळीला माणसांच्या छातीत जे साठत जाते, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. लोडर, हायवा, काँक्रीटचे मिक्सर, शॉटक्रीट फवारणारे यंत्र, यंत्राने खोदलेल्या बोगद्यात मलब्याचे डबे ओढणारे लोको ही सारी डिझेलवर चालतात. उघड्यावर हा धूर वाऱ्याबरोबर जातो. एकाच तोंडाच्या बोगद्यात तो माणसांच्या सोबतीला राहतो.

या धुरावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभर पुष्कळ काम झाले आहे. मुख्यतः ते खाणींसाठी झाले, पण खाण आणि बोगदा यांत फुप्फुसाला फरक कळत नाही. उपाय सापडले, तपासले गेले, काही देशांत सक्तीचे झाले. आपल्याकडे त्यातले काय आले, काय अडले आणि कशापायी अडले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

आधी धुराविषयी. त्यात एक भाग वायूंचा: कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, डोळे चुरचुरायला लावणारी फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये. दुसरा भाग काजळीचा, आणि खरा चिंतेचा तोच. काजळीच्या कणाला कार्बनचा गाभा असतो आणि त्याच्या अंगाला अर्धवट जळलेले इंधन, वंगणाचे तेल, गंधकाची संयुगे आणि कर्करोगकारक म्हणून माहीत असलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बने चिकटलेली असतात. वजनाने पाहिले तर जवळजवळ सगळा माल एका मायक्रॉनहून बारीक. संख्येने पाहिले तर बहुतेक कण त्याच्याही दहाव्या हिश्शाच्या आतले. धुळीतला जाडाभरडा कण नाकाघशात अडतो आणि थुंकीवाटे पडतो. हा कण थेट वायुकोशापर्यंत पोचतो.

दख्खनच्या बोगद्यांबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. खोदकाम आणि फुप्फुस म्हटले की आपल्याकडे सिलिकोसिसची चर्चा होते. राजस्थानच्या वालुकाश्मात किंवा दक्षिणेच्या ग्रॅनाइटमध्ये ती व्हायलाच हवी. आपला पत्थर मात्र बेसॉल्ट, आणि बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका फार थोडी. पोकळ्यांत भरलेली गारगोटी आणि शॉटक्रीटमधली वाळू यांतून काही सिलिका येते, तेव्हा धुळीकडे काणाडोळा करून चालणार नाही. पण ग्रॅनाइटच्या मानाने इथे सुरुंगाचे वायू आणि डिझेलचा धूर यांचे पारडे जड होते. आपल्या बोगद्यांसाठी हा प्रश्न परदेशी संशोधनाची चैन नव्हे.

आता पुरावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले होते. जून २०१२ मध्ये तिने तो पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतोच असा निर्वाळा असलेल्या पदार्थांत नेऊन बसवला. ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहे. मधल्या काळात सर्वांत वजनदार ठरला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा आणि तिथल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा खाण कामगारांवरचा अभ्यास. मीठ, पोटॅश, ट्रोना आणि चुनखडीच्या आठ खाणी, १२,३१५ कामगार. या खाणी मुद्दाम निवडल्या होत्या, कारण तिथे रेडॉन, सिलिका, ॲस्बेस्टॉस हे नेहमीचे संशयित जवळजवळ नव्हते. धुराशी सर्वाधिक संबंध आलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढूनही संबंध टिकला.

या अभ्यासाची जन्मकथा वाचण्यासारखी आहे. काम सुरू झाले १९९२ मध्ये आणि शोधनिबंध छापून आले मार्च २०१२ मध्ये. मधल्या वीस वर्षांचा एक मोठा तुकडा खाण उद्योगाच्या वकिलांनी न्यायालयात खर्ची घातला. कच्ची माहिती आधी आम्हाला दाखवा, निबंध आधी आम्हाला द्या, असा तो वाद होता. निबंध छापल्यावर पद्धतीवर आक्षेप आले. म्हणून बोस्टनच्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने, जिला सरकार आणि वाहन उद्योग दोघेही पैसे देतात, सारा हिशेब पुन्हा तपासला आणि २०१५ मध्ये सांगितले की हा अभ्यास धोक्याचा आकडा काढायला पुरेसा भक्कम आहे.

तो आकडा त्याआधीच, २०१४ मध्ये, खाण कामगार आणि मालमोटार उद्योगातले कामगार यांच्या अभ्यासांतून काढला गेला होता. एका घनमीटर हवेत डिझेलचा मूलकार्बन किती मायक्रोग्रॅम आहे, त्यावर तो बेतला आहे. वयाच्या विसाव्या वर्षापासून ४५ वर्षे माणसाने १ मायक्रोग्रॅमच्या हवेत काम केले, तर दर १०,००० कामगारांमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचे १७ मृत्यू जास्तीचे. १० मायक्रोग्रॅमला २००. २५ मायक्रोग्रॅमला ६८९. या गणितावरही वाद आहेत आणि असणारच. पण आकडा निम्म्याने कमी धरला, तरी तो कुठल्याही उद्योगाने हसण्यावारी न्यावा असा नाही.

मूलकार्बनच का मोजायचा, याला साधे कारण आहे. धातूच्या खाणीत किंवा बोगद्यात शुद्ध कार्बनचा दुसरा मोठा उगमच नसतो, म्हणून तो सापडला की तो डिझेलचा. कामगाराच्या कॉलरला छोटा पंप आणि गाळणी लावतात, पाळीभर हवा ओढतात आणि गाळणी प्रयोगशाळेत तापवून कार्बन मोजतात. कोळशाच्या खाणीत हे जमत नाही, कारण तिथली धूळच कार्बनची. म्हणून अमेरिकेने कोळसा खाणींत हवेऐवजी यंत्राच्या धुरांड्यालाच बंधन घातले: मोठ्या यंत्राने ताशी अडीच ग्रॅमहून अधिक काजळी टाकायची नाही. धातू आणि अधातू खाणींसाठी २००८ पासून तिथली मर्यादा एकूण कार्बन १६० मायक्रोग्रॅम अशी आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने सप्टेंबर २०२३ पासून मूलकार्बन १२० केली. युरोपीय संघाने ५० ठरवली आणि भूमिगत खाणी व बोगदे यांना ती पाळण्यासाठी फेब्रुवारी २०२६ पर्यंत, इतरांहून तीन वर्षे जादा, मुदत दिली. वरच्या गणिताशी ताडून पाहिले तर ५० सुद्धा निर्धोक नाही. तरीही आकडे वेगळे असोत, प्रत्येकाकडे आकडा आहे. आपल्याकडे तोच नाही, त्याकडे पुढे येतो.

धूर कमी करायचा म्हटले की पहिला विचार मनात येतो तो पंख्याचा. जास्त हवा सोडा, धूर पातळ होईल. हे खरे आहे आणि अपुरेही. ओंटारिओच्या नियमात इंजिनाच्या दर किलोवॉटमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर हवा लागते असे धरले आहे. मध्यम आकाराचा १५० किलोवॉटचा लोडर घ्या: त्याला मिनिटाला ५४० घनमीटर हवा हवी. आपल्या बांधकाम नियमांत बोगद्यातल्या माणसाला मिनिटाला ६ घनमीटर ताजी हवा सांगितली आहे. म्हणजे एकटा लोडर नव्वद माणसांची हवा पितो. त्याच्यामागे दोन हायवा रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असले, तर हिशेब कुठे जातो ते पाहा. बोगद्यातली हवा माणसे मोजून ठरवणे हेच मुळात चूक आहे. ती इंजिने मोजून ठरवायला हवी.

आणि हवा वाढवणे स्वस्त नसते. त्याच पाइपातून दुप्पट हवा ढकलायची तर पंख्याला आठपट वीज लागते, हा पंख्याचा निसर्गनियमच आहे. त्यात बोगदा रोज पुढे सरकतो आणि हवेचा कापडी डक्ट त्याच्या मागे लांबत जातो. त्याला सांधे, सांध्यांना फटी, डंपरच्या फाळक्याने पडलेली भोके. तोंडाशी पंखा कागदावरची हवा पुरवत असतो आणि फेसवर, जिथे माणसे आणि लोडर दोन्ही असतात, तिथे तिचा काही हिस्साच पोचतो. डक्टची भोके रोज शिवणारा माणूस नेमणे हा या साऱ्या प्रश्नातला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय असेल. जनरेटर बोगद्याच्या तोंडाशी पंख्याच्या शेजारी बसवला असेल, तर तोच धूर पंखा आत ओढून देतो. हवा घेण्याची जागा धुरापासून दूर असावी असे नियमही सांगतो, पण जागा कमी आणि केबल महाग, म्हणून दोन्ही शेजारी येतात.

पंख्याने धूर पातळ होतो, नाहीसा होत नाही. नाहीसा करायचा तर तो धुरांड्यातच अडवावा लागतो. इथे स्वित्झर्लंडची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती खाणींची नसून बोगद्यांचीच आहे.

आल्प्सखालून ३४.६ किलोमीटरचा लोचबर्ग आणि ५७ किलोमीटरचा गोथार्ड असे दोन रेल्वे बोगदे खोदायचे ठरले, तेव्हा कामगारांच्या अपघात विम्याची राष्ट्रीय संस्था सुवा हिच्यापुढे सरळ प्रश्न होता: पुढची पंधरा-वीस वर्षे हजारो माणसे डिझेलच्या धुरात राबणार, आणि त्यांना आजार झाला तर भरपाई आपण देणार. १९९४ मध्ये सुवाने ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या विमा संस्थांना सोबत घेऊन ‘व्हर्ट’ हा प्रकल्प सुरू केला. प्रयोगशाळेतल्या चकचकीत इंजिनावर नव्हे, तर बोगद्यात चिखलात राबणाऱ्या खऱ्या यंत्रांवर कोणता उपाय चालतो, हे तपासायचे असा त्यांचा हेका होता. निष्कर्ष स्पष्ट निघाला. इंजिनाची सुधारणा, इंधनातले बदल, धुरातल्या वायूंवर काम करणारे कॅटॅलिस्ट यांनी थोडा थोडा फरक पडतो. कणांवर खरा घाव घालते ती कणगाळणी. सच्छिद्र सिरॅमिकच्या बारीक नळ्या, एक आड एक टोकाला बुजवलेल्या, त्यामुळे धुराला भिंतीतूनच पार व्हावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते. चांगली गाळणी ९० ते ९९ टक्के काजळी धरते. सुवाने बोगद्यांच्या कामात ती सक्तीची केली. गोथार्डमध्ये मलबा वाहायला जागोजाग पट्टे वापरले, म्हणजे तेवढे डंपर मुळातच आत गेले नाहीत. २०१६ च्या १ जूनला गोथार्डचे उद्घाटन झाले, तेव्हा गाळणी ही जगभरच्या बोगदेवाल्यांना नवलाची गोष्ट राहिली नव्हती.

गाळणीला भानगडी आहेत, त्या लपवून ठेवण्यात अर्थ नाही. काजळी साठली की ती जाळून गाळणी मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी धूर पुरेसा तापलेला हवा. बोगद्यातला लोडर पाच मिनिटे राबतो आणि दहा मिनिटे डंपरची वाट पाहत उभा राहतो. धूर तापत नाही, गाळणी तुंबते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ऑपरेटर एके दिवशी गाळणी काढून ठेवतो. कॅनडात १९९० च्या दशकाच्या अखेरीस खाण कंपन्या, कामगार संघटना आणि सरकार यांनी मिळून ‘डीप’ नावाचा कार्यक्रम चालवला. स्टोबी आणि ब्रन्सविक या खाणींत यंत्रे प्रत्यक्ष चालवून त्यांनी हेच पाहिले: प्रत्येक यंत्राच्या कामाच्या तऱ्हेप्रमाणे गाळणी निवडावी लागते, आणि ऑपरेटरला व मिस्त्रीला शिकवल्याशिवाय ती टिकत नाही. दुसरी भानगड रसायनाची. काजळी कमी तापमानात जळावी म्हणून काही गाळण्यांवर प्लॅटिनमचा मुलामा देतात. त्याने नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर अधिक जहाल नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये होते. काजळी गेली आणि वायू वाढला, असा सौदा होऊ शकतो. म्हणून गाळणी बसवली म्हणून पंखा बंद, असे कुठेच करत नाहीत.

कोळशाच्या खाणीत धूर पाण्यातून सोडण्याची जुनी पद्धत आहे. ती ठिणग्या विझवायला उत्तम, काजळी धरायला कच्ची.

इंधनाचे काय? प्लॅटिनमचा मुलामा गंधकाने लवकर मरतो, म्हणून गंधकमुक्त डिझेल नसेल तर अशी गाळणी निरुपयोगी. अनेक वर्षे आपल्याकडे हीच सबब होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे, दहा लाखांत फक्त दहा भाग गंधक असलेले डिझेल मिळू लागले. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या पंपावर मिळणारे डिझेल आता स्विस गाळणीला चालते. सबब संपली. बांधकामाच्या नव्या यंत्रांसाठी १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या पाचव्या टप्प्याच्या निकषांत काजळीच्या कणांची संख्या मोजली जाते, त्यामुळे नव्या मोठ्या यंत्राला गाळणी बहुतांशी लागतेच. पण निकष विक्रीला लागू होतात, वापराला नाही. बोगद्यात जातो तो तिसऱ्या-चौथ्या कामावर फिरून आलेला, पोटठेकेदाराचा जुना हायवा. त्याचे एअर फिल्टर धुळीने बुजलेले, इंजेक्टर ठिबकणारे. काळा धूर दिसला की त्या गाडीला बाहेरचा रस्ता दाखवायचा, एवढा एक नियम कडकपणे पाळला तरी फेसवरची हवा बदलते. उभ्या गाडीचे इंजिन बंद, हा दुसरा. या दोन्हींना पैसे लागत नाहीत, फोरमनचा आवाज लागतो. बंद केबिन आणि तिला स्वच्छ हवेचा दाब असेल तर ऑपरेटर वाचतो. पायी काम करणारा हेल्पर मात्र उघड्यावरच राहतो, आणि बोगद्यात पायी माणसेच जास्त.

मास्क शेवटचा. दमट, चाळीस अंशांच्या हवेत बारा तास घट्ट मास्क कोणी घालत नाही. जो साहेब तो घालायला सांगतो, त्याने एकदा पाळीभर घालून पाहावा.

सर्वांत मुळाशी जाणारा उपाय म्हणजे डिझेलच आत न नेणे. हे ऐकायला नवे वाटते, पण महाराष्ट्राने ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. मुंबईहून सोलापूरकडे येणारी रेल्वे भोर घाटाच्या बोगद्यांतून येते, आणि वाफेच्या इंजिनांच्या काळात तिथे ड्रायव्हर-फायरमनचा जीव धुराने गुदमरत असे. जीआयपी रेल्वेने १९३० पर्यंत कल्याण-पुणे मार्गावर वीज आणली आणि बोगद्यातला धूर संपला. पंखे बसवून नव्हे. खाणींत आज तेच चालू आहे. ओंटारिओतली बोर्डेन सोन्याची खाण ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली ती बॅटरीवरच्या भूमिगत यंत्रांसह. धूर नाही, म्हणून हवाही कमी लागते, आणि वर सांगितलेल्या आठपटीच्या नियमाने पंख्याच्या विजेची बचत मोठी होते. बॅटरीला आग लागली तर काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याची नियमावली अजून घडते आहे.

आता आपल्या विदर्भातल्या खाणींकडे पाहू. एक बरी गोष्ट अशी की तिथे डिझेलचा प्रश्न जगातल्या मोठ्या धातू खाणींइतका बिकट नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या सावनेर किंवा दुर्गापूर-रयतवारीसारख्या भूमिगत खाणींत कोळसा भरणारे लोडर मुख्यतः विजेच्या केबलवर चालणारे आणि वाहतूक दोरखंडाची वा पट्ट्याची. तिथला शत्रू मिथेन आणि कोळशाची धूळ. १८९६ पासून ज्यांचा वारसा सांगितला जातो त्या मॉयलच्या चिखला, कांद्री, मनसर, गुमगाव या मँगनीज खाणींत मेंदूवर परिणाम करणारी मँगनीजची विषबाधा हा जुना धोका. डिझेलचा भार खरा आहे तो राजस्थानातल्या रामपुरा आगुचासारख्या खाणींत, जिथे उतरत्या रस्त्यावरून मोठे डंपर थेट खोलवर जातात. उत्पादन वाढवायचे तर विदर्भातल्या खाणीही त्याच वाटेने जातील. म्हणून मोजमाप आजच सुरू व्हायला हवे. त्यासाठी नागपुरात संस्थाही होती: १९९० मध्ये कोलारला स्थापन होऊन पुढे नागपूरला आलेली राष्ट्रीय खनिक आरोग्य संस्था. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. विलीनीकरणाने संशोधनाला बळ येते असे सरकारी कागद म्हणतात. तसे व्हावे.

कायद्याकडे वळलो की चित्र चमत्कारिक दिसते. खाणी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या देखरेखीखाली येतात. २०१७च्या कोळसा खाण नियमावलीत ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, माणशी हवा किती, हे सारे आहे. पाणी, रस्ता किंवा मेट्रोचा बोगदा मात्र खाण नव्हे. तो बांधकाम, म्हणून त्याला १९९६ चा बांधकाम कामगार कायदा लागू होत असे, आणि त्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम. त्या नियमांत भूमिगत इंजिनाबद्दल जे लिहिले आहे ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. इंजिनात जाणारी हवा आधी स्वच्छ केलेली असावी आणि इंजिनातून धूर वा ठिणगी बाहेर पडू नये, तरच ते बोगद्यात वापरावे, असा त्याचा आशय. शब्दशः घेतले तर देशातला प्रत्येक बोगदा बेकायदा आहे, कारण धूर न टाकणारे डिझेल इंजिन अजून कोणी बनवलेले नाही. अशक्य गोष्ट सांगणारा नियम निरीक्षकालाही सोयीचा पडतो. मोजायला काही नाही, म्हणून पकडायलाही काही नाही. खाणींचे नियम असोत की बांधकामाचे, माणसाच्या श्वासात डिझेलचे कण किती गेले तर चालतील, याचा आकडा दोन्हींत नाही.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि खाण व बांधकाम हे दोन्ही कायदे तिच्या पोटात आले. दोन कप्प्यांतली ही भिंत पडणे ही खरी संधी आहे. संहितेखालची मानके लिहिताना एक आकडा दोघांसाठी घालता येईल. घातला नाही तर जुनेच शब्द नव्या पुठ्ठ्यात येतील.

भरपाईचे तसेच. भरपाईच्या कायद्याला जोडलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कापसाच्या तुसाने होणारा बायसिनोसिस आहे आणि उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा बगॅसोसिसही आहे. गिरण्यांचे आणि साखर कारखान्यांचे सोलापूर त्या यादीत दोनदा भेटते. डिझेलचा धूर त्यात नाही. म्हणजे उद्या एखाद्या बोगदा मजुराला फुप्फुसाचा कर्करोग झाला, तर तो कामामुळे झाला हे सिद्ध करण्याचा सारा भार त्याच्या कुटुंबावर. आजार दिसतो पंधरा-वीस वर्षांनी. तोवर ठेकेदार बदललेला, हजेरीपट रद्दीत, माणूस ओडिशातल्या किंवा झारखंडातल्या आपल्या गावी, आणि डॉक्टर विचारतो, बिडी ओढता का? ओढत असला तर प्रकरण तिथेच मिटते.

स्वित्झर्लंडात आणि आपल्यात फरक तंत्राचा नाही, पैशाचाही फारसा नाही. तिथे आजाराचे बिल ज्याच्या दारात येणार होते, त्याच्याच हातात यंत्रांचे नियम होते. आपल्याकडे बिल मजुराच्या गावी जाते. आपली बांधकाम कल्याण मंडळे प्रकल्पाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात. शेकडो-हजारो कोटींच्या बोगद्यावर एक टक्का ही लहान रक्कम नव्हे. तो पैसा भांड्यांच्या संचांसारख्या योजनांत जातो, त्याला नाव ठेवत नाही. पण त्यातून प्रत्येक मोठ्या बोगद्यावर स्वतंत्र हवा-मोजणी आणि मजुराबरोबर त्याच्या गावापर्यंत जाणारी आरोग्य नोंदवही का होऊ नये, याचे उत्तर मला सापडत नाही.

महाराष्ट्रात पुढची अनेक वर्षे बोगद्यांची आहेत. ठाणे-बोरिवलीचा सुमारे पावणेबारा किलोमीटरचा जुळा मार्ग, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह, बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा टप्पा, शिवाय नदीजोड आणि पूरपाणी वळवण्याचे प्रस्ताव. यांतल्या प्रत्येक कामात धुराचा निर्णय बोगद्याच्या तोंडाशी होत नाही, तो निविदेच्या कागदावर होतो. सर्वांत कमी दराची निविदा जिंकणार असेल, तर गाळणी लावलेला ठेकेदार हरणार. गाळणी सर्वांनाच लावणे भाग असेल, तर कोणीच हरत नाही.

म्हणून कृष्णा खोरे विकास महामंडळ असो, एमएमआरडीए असो वा हायस्पीड रेल्वे, पुढच्या बोगद्याच्या निविदेत एवढे लिहावे: गाळणी नसलेले मोठे डिझेल यंत्र आत येणार नाही, हवा इंजिनांच्या किलोवॉटवर ठरेल, मूलकार्बनची पाळीनिहाय मोजणी बाहेरची प्रयोगशाळा करेल आणि ५० मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर काम थांबेल, मोजणीचे आकडे फेसवरच्या फळ्यावर मजुरांच्या भाषेत लागतील. सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी उजनीच्या पाण्यासाठी आजवर अनेकदा सभागृह डोक्यावर घेतले आहे. पुढच्या वेळी त्यांनी पाण्याच्या आकड्याबरोबर हाही एक आकडा मागावा.